पन्नासातलं सातवं

पूर्णेच्या स्टेशन रोडवर माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक काचेचं कपाट, एक टेबल आणि माझ्यापुरती एक खुर्ची. गिऱ्हाईक उभ्यानंच बोलतं, त्यामुळे फार बोलत नाही, हा एक फायदा. चौतीस वर्षं मी इथं बसतो. माझ्या आधी वडील बसायचे. त्यांच्या काळात रेल्वेचे गार्ड आणि ड्रायव्हर रांग लावायचे, कारण ड्युटीवर घड्याळ चुकलं की मेमो मिळायचा. आता माझ्याकडे येतात ते सेल बदलायला आणि पट्टा लावायला. ही दुरुस्ती नाही. वाण्याकडे पुडी बांधून देतात, तसलंच हे काम.

माझा स्वभाव तापट आहे, हे मी आधीच कबूल करतो. कुणी सेलचं घड्याळ पुढे करून ‘जरा भारी बघून सेल टाका’ म्हणालं की माझं डोकं फिरतं. पण रिकाम्या वेळात मी मोबाईलवर परदेशातली घड्याळं बघतो आणि मग मी अगदी लोण्यासारखा होतो. चाकावर चाक, त्यावर आणखी एक चाक, केसाएवढी बारीक स्प्रिंग श्वास घेतल्यासारखी उघडझाप करतेय, आणि पांढऱ्या कोटातला म्हातारा एक स्क्रू बसवायला अख्खी दुपार घालवतोय. असली घड्याळं मोजकीच काढतात. पन्नास काढली की साचा मोडून टाकायचा. मी एकदा बायकोला कौतुकानं हे सांगितलं. ती म्हणाली, “एवढी मोठी कंपनी आन् पन्नासच? कामचुकार हाइत मेले.”

बायकोचं म्हणणं सहा वर्षांपासून एकच आहे. दुकान बंद करा, भाच्याला द्या, तो मोबाईलची कव्हरं ठेवील, तुमचे डोळे तरी वाचतील. भाचाही दर पाडव्याला पेढे घेऊन येतो आणि कपाटाची मापं डोळ्यांनी घेऊन जातो. मीही दरवर्षी एकच उत्तर देतो. “एक तरी अस्सल भारी मशीन माझ्या हातानं उघडू दे. त्याच दिवशी शटर पाडतो.” ही माझी शपथ. घरात सगळ्यांना पाठ आहे.

ती शपथ उगाच नव्हती. आमच्या धंद्यात एक रीत आहे. घड्याळ उघडून दुरुस्त केलं की झाकणाच्या आतल्या बाजूला सुईनं आपली बारीक खूण करायची. मालकाला ती कधी दिसत नाही. पुढचा मिस्त्री झाकण उघडतो तेव्हा त्याला कळतं की आपल्याआधी इथं कुणाचा तरी हात लागलाय. वडिलांची खूण म्हणजे दोन ठिपके आणि एक रेघ. मी त्यात तिसरा ठिपका वाढवला. हैदराबादपर्यंतच्या घड्याळांत आमचे ठिपके आहेत. पण त्या पांढऱ्या कोटवाल्यांच्या घड्याळात मात्र एकही नाही, आणि हे मला मनापासून लागायचं.

गेल्या माघात, एका शुक्रवारी सकाळी, एक धनगर मावशी दुकानापुढे येऊन उभी राहिली. साठीची असेल. तिची लेक पूर्णेला रेल्वेच्या गँगमनला दिलेली आहे, आणि लेकीकडे आली की कधीमधी ती गजराचं घड्याळ घेऊन माझ्याकडे येते, एवढी ओळख. या वेळी तिनं कमरेची गाठ सोडली, फडक्यात बांधलेलं काहीतरी काचेवर ठेवलं आणि म्हणाली, “भाऊ, ह्याला काय रोग हाय ते सांगा. बोकडाच्या गळ्यात चालतंय आन् घरात ठिवलं की मरतंय.”

मी फडकं उलगडलं. आधी माझा विश्वासच बसला नाही. मग मी भिंग डोळ्याला लावलं आणि खुर्चीवर असूनही मला बसल्यासारखं वाटेना. मागची बाजू काचेची. काचेखाली सोन्याच्या रंगाचं अर्ध्या चंद्राच्या आकाराचं वजन, त्याखाली चाकांची ती सगळी जत्रा. कडेनं बारीक अक्षरांत कोरलेलं: पन्नासपैकी सात. वरच्या दोन कानांना पट्ट्याचा बोटभर तुकडा लटकलेला आणि खालच्या कानांतून काळा गोफ ओवलेला. मी शेजारच्या चहावाल्याला हाक मारली आणि चहा सांगायचा विसरून नुसताच हसत राहिलो. तो म्हणाला, “मिस्त्री, बरं हाय ना?”

मावशीनं सगळं सांगितलं ते असं. पौषात त्यांच्या मेंढ्या देवगाव फाट्याजवळच्या एका शेतात बसवल्या होत्या. आमच्याकडे पीक निघालं की शेतकरी धनगरांना बोलावतो. कळप काही रात्री शेतात बसतो, लेंड्यांचं खत होतं, शेतकरी धान्य देतो. तर तिथून निघायच्या दिवशी कळपाच्या पुढे चालणाऱ्या बोकडाच्या तोंडात हे सापडलं. अर्धा पट्टा त्यानं खाल्लेला होता. शेत रस्त्याला लागून, बोअरच्या पाण्यावर येणारे-जाणारेही हात धुतात, त्यामुळे घड्याळ शेतवाल्याचं की वाटसराचं, ते कळेना. विचारायला जावं तर घड्याळ बंद.

“मंग तवाच का नाही नेऊन दिलं?” मी विचारलं.

“मेलेलं कसं न्यावं? म्हणतील, तुमच्याच जनावरानं मारलं. न्हाईतर म्हणतील, ढापलं व्हतं, बिघडलं म्हणून आणलं. आमच्या जातीला लोक काय म्हणत्यात ते तुमाला म्हाईत न्हाई व्हय? जित्तं करूनच देणार.”

म्हणून तिनं ते बोकडाच्या गळ्यात बांधलं. का, तर हरवू नये म्हणून. बोकड कळपाच्या पुढे असतो, नजरेसमोर असतो. आणि काय आश्चर्य, दोन पावलांवर घड्याळ चालू झालं! मावशी खूश. मग मौल्यवान चीज उघड्यावर नको म्हणून तिनं ते पालात आणून रेडिओवर ठेवलं, हळदकुंकू लावलं. दोन दिवसांत पुन्हा मेलं. परत बोकडाच्या गळ्यात, परत जिवंत. असं महिनाभर चाललेलं. शिवाय आता ते पुढं पळायला लागलं होतं, दिवसाला वीस-वीस मिनिटं.

मी तिला ते सोनेरी वजन दाखवलं. घड्याळ हललं की ते फिरतं, फिरलं की आतली कमान, म्हणजे मोठी स्प्रिंग, भरते. याला किल्ली नको, सेल नको. घालणारा चालता पाहिजे, बस. मावशीनं डोळे बारीक करून बघितलं. “मंजी आमच्यावाणीच हाय की! बसलं की संपलं.” असं म्हणून ती इतकी हसली की चहावाला कप घेऊन आपणहून आला.

आता ते पुढं का पळतं? मी होकायंत्र घड्याळाजवळ नेलं, तर सुई गरकन फिरली. रेडिओच्या स्पीकरमधलं लोहचुंबक! महिनाभर अधूनमधून रेडिओवर बसून घड्याळाला चुंबक चढलं होतं, बारीक स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना चिकटून ते पळत होतं. देव म्हणून जिथं ठेवलं, तिथंच बाधा झाली. यावर औषध वडिलांच्या वेळचं: एक निळं यंत्र, त्यावर घड्याळ धरायचं, बटण दाबायचं आणि हळूच दूर न्यायचं. दोन सेकंदांचं काम. केलं. मग तासभर माझ्या घड्याळाशी लावून बघितलं. एका सेकंदाचाही फरक नाही. मावशीनं बोटं कानाजवळ मोडून माझी दृष्ट काढली.

आणि इथं माझी गंमत झाली. चौतीस वर्षं वाट बघितलेलं मशीन माझ्या टेबलावर आलं आणि न उघडताच बरं झालं! झाकण उघडायची किल्ली माझ्या उजव्या हाताला वीतभर अंतरावर होती. पण घड्याळ मावशीचं नव्हतं, माझं तर नव्हतंच. परवानगी द्यायला मालक पाहिजे. मी म्हणालो, “मावशी, रविवारी मी येतो तुमच्याबरोबर. मालक शोधू.” परोपकार बिरोपकार काही नाही. मालक भेटला की त्याला एकच गोष्ट मागायची, हे मी तिथंच ठरवून टाकलं.

शनिवारी घरी मी बायकोला तीनदा सगळं सांगितलं. जेवताना, हात धुताना आणि परत एकदा. रविवारी सकाळी मी किल्ली, भिंग, सुई आणि चिमटा रुमालात गुंडाळून खिशात टाकला. बायको डबा भरत होती. ती म्हणाली, “मंजी आज उघडणार? आन् उद्या शटर पाडणार?”

“शपथ म्हणजे शपथ,” मी ऐटीत म्हणालो आणि शीळ घालत निघालो. शीळ मला येत नाही.

पूर्णेहून सेलूपर्यंत रेल्वे. मावशीला मी शंभरदा सांगितलं की घड्याळ दोन दिवस मरत नाही. पण तिचा विश्वास बोकडावर, माझ्यावर नाही. माझ्या मनगटावर बांधू द्यायलाही ती तयार नव्हती. म्हणाली, “हातात घातलं की सोडवत न्हाई भाऊ, मानसाचा हात लय लबाड.” मग तिनं ते फडक्यात घेतलं आणि पूर्णेपासून सेलूपर्यंत पाळणा हलवावा तसं हलवत बसली. समोरच्या बाईनं विचारलं, काय आहे? मावशी म्हणाली, “लोकाचं लेकरू हाय. पोचवायला चाललोय.” ती बाई परभणी येईपर्यंत आमच्याकडे संशयानं बघत होती, आणि मला हसू आवरत नव्हतं म्हणून तिचा संशय आणखी वाढत होता.

सेलूहून एसटीनं देवगाव फाटा. शेत रस्त्याला लागूनच. बोअरजवळच्या लिंबाखाली बाजेवर शेतमालक बसलेले, सत्तरीचे, पांढरी टोपी, पांढऱ्या मिशा. त्यांनी मावशीला लगेच ओळखलं. “ये मावशी! तुझ्या मेंढ्यांनी काय गहू उगवलाय बघ!” आणि मग शेताकडे हात करून कौतुकानं म्हणाले, “आन् अजून एक चमत्कार बघ. आमचं पोरगं. पुण्याला मोठ्या हुद्द्यावर हाय. वर्षात एकदा तोंड दाखवायचं. आता महिन्यात तीनदा आलं. शेतीची वढ लागली त्याला.”

मी बघितलं. चाळिशीतला एक गृहस्थ, भारी पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, बांधावर ओणवा होऊन गवत दोन्ही हातांनी बाजूला करत, एक-एक वीत जमीन तपासत पुढे सरकत होता. असली शेती मी जन्मात बघितली नव्हती. मला क्षणात सगळं कळलं आणि मी तोंडावर रुमाल धरला. त्यात किल्ली होती, ती ओठाला लागली.

मावशीनं फडकं सोडलं. “मालक, हे तुमच्या रानात घावलं. ह्या घड्याळवाल्या मिस्त्रीनं जित्तं केलंय. तुमच्यापैकी कुनाचं हाय का?”

मुलानं मान वर केली. तिथून तो ज्या वेगानं आला त्या वेगानं आमच्याकडे बस येत नाही. “अहो, हे माझं! मी तोंड धुताना पाइपावर ठेवलं होतं!” त्यानं ते दोन्ही हातांत घेतलं, कानाला लावलं, डोळे मिटले. मग डोळे उघडून म्हणाला, “आणि पट्टा?”

“बोकडानं खाल्ला,” मावशी म्हणाली.

“तो मगरीच्या कातडीचा होता,” तो माझ्या कानाशी पुटपुटला. मगरीनं बोकड खाल्ल्याचं आपण ऐकतो. बोकडानं मगर खाल्ल्याची ही पहिलीच गोष्ट असावी. मी रुमाल परत तोंडावर धरला, या वेळी किल्ली बाजूला काढून.

मालक मात्र नुसते हसत होते. “अरे, हेच व्हय ते? दीड हजारांचं? फोनवर म्हणलास ना, पप्पा, साधं घड्याळ हाय, दीड हजारांचं, दिसलं तर बघा?” आणि मावशीकडे वळून, “आगं मावशी, दीड हजाराच्या घड्याळापायी तू तिकीट काढून आलीस? तुझ्यासारखी मानसं हाइत म्हणून जग चालतंय. ठिव तुला! माझा शब्द. बोकडाच्या गळ्यातच शोभतंय ते.”

मुलाचा चेहरा मी विसरणार नाही. बापाच्या शब्दाला आमच्याकडे आडवं जात नाहीत. आणि खरं सांगावं तर दीड हजाराचं खोटं उघडं पडतं. तो माझ्याकडे बघायला लागला. खरी किंमत तिथं फक्त आम्हा दोघांना माहीत होती. त्या किमतीत बापाच्या शेतात आणखी एक शेत आलं असतं. मी काय करावं? तोंडाचा फटकळ माणूस मी, एरवी बोलून मोकळा झालो असतो. पण म्हाताऱ्याच्या मिशांमधला तो आनंद बघून मी बोअरच्या पाइपाकडे बघायला लागलो.

मावशी दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. ती बेचाळीस वर्षं मेंढरं हाकतेय, कोण कळपातून कुठं फुटणार हे तिला आधी कळतं. तिनं मुलाच्या हातातून घड्याळ काढून घेतलं. तो बाजेची कड धरून खालीच बसला.

“मला दिलं ना मालक? मंजी माझं झालं.”

“तुझंच!”

“मंग मी ते ह्या लेकराला देते,” असं म्हणून तिनं तो काळा गोफ त्याच्या मनगटाला गुंडाळला आणि बोकडाला बांधतात तशी करकचून गाठ मारली. “पन एक हाय. हे बसून राहनाऱ्याजवळ मरतंय. ह्याला फिरता मानूस लागतो. म्हैन्याला येऊन शेताला चक्कर मारायची. आमचा बोकड रोज मारायचा.”

मुलगा हसतोय की रडतोय ते समजेना. तो म्हणाला, पुण्यात त्याच्याकडे एक पेटी आहे, विजेवर चालते, तिच्यात घड्याळ ठेवलं की ती ते गरागरा फिरवत राहते. मावशीनं कपाळावर हात मारला. “आत्ता गं बया! फिरवायला मशीन? मला सांगायचं, बोकड पाठवला असता.”

चहा झाला, हुरडा झाला. मालक मावशीला पायलीभर ज्वारी बांधून द्यायला उठले, तेव्हा मुलानं मला लिंबामागे नेलं. “मिस्त्री, तुम्ही बोलला नाहीत. तुमचे उपकार झाले. काय हवं ते मागा.”

चौतीस वर्षं घोकलेलं वाक्य माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडलं. “एकदा उघडू द्या.”

त्यानं गोफाची गाठ दातांनी सोडवली आणि घड्याळ माझ्या तळव्यावर ठेवलं. “उघडा.”

मी रुमाल पसरला. किल्ली काढली, भिंग चढवलं. किल्लीचे दात झाकणाच्या खाचांत असे बसले की जणू तिच्यासाठीच केलेत. आता नुसतं मनगट फिरवायचं. काचेभोवतीच्या कड्याला आतून तीन ठिपके आणि एक रेघ मारायला दोन मिनिटं पुरली असती. पांढऱ्या कोटवाल्यांच्या घड्याळात पूर्णेची खूण! छाती अशी उडत होती की तेवढ्यावर कमान भरली असती.

आणि माझं मनगट फिरेना.

आधी मी स्वतःला सांगितलं, धूळ आहे. खरंच होती. लेंडीखताची, मातीची, रस्त्याची धूळ. असल्या धुळीत ते उघडणं म्हणजे खूनच. पण धुळीचं काय, बाजूला गाडी उभी होती, काचा वर करून आत बसता आलं असतं. मुलानं तेही सुचवलं. मी म्हणालो, “चालतं घड्याळ उघडू नये, असं वडील म्हणायचे.” वडील असं म्हणायचे, हेही खरं. पण त्या क्षणी मला वडील दिसत नव्हते. मला दिसत होतं माझं टेबल, निळं यंत्र, उभ्यानं बोलणारी गिऱ्हाइकं, सेल बदलून द्या म्हणणारे ते सगळे मूर्ख लोक, आणि त्यांच्यावर खेकसणारा मी. हे झाकण उघडलं की ते शटर पडणार होतं. मला ते नको होतं. सहा वर्षं मी उघडायची नव्हे, न उघडायची शपथ वाहत होतो, हे मला देवगाव फाट्याला, लिंबाखाली, हातात किल्ली घेऊन कळलं. मला इतकं हलकं वाटलं की मी मोठ्यांदा हसलो. मुलगा घाबरला.

घड्याळ परत देण्याआधी पुसायला घेतलं. चिमट्यानं पट्ट्याच्या कानातली घाण काढताना एका बारीक सांदीत बोकडाचा एक काळा केस अडकलेला दिसला. काढायला पाहिजे होता. मी इकडंतिकडं बघितलं आणि तो चिमट्यानं आणखी आत ढकलला. कधीतरी ते घड्याळ त्या पांढऱ्या कोटवाल्या म्हाताऱ्याकडे जाईल. तो भिंग लावील, केस धरून उजेडात बघत अख्खी दुपार घालवील आणि त्याला काही म्हणजे काही कळणार नाही. मावशीला येताना हे सांगितलं तर ती सेलूपर्यंत पदराआड हसत होती.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. बायकोनं पाण्याचा तांब्या दिला आणि विचारलं, “उघडलं?”

“नाही,” मी म्हणालो. “धूळ लय होती.”

तिनं माझ्याकडे बघितलं. चेहरा गंभीर ठेवायचा मी पुष्कळ प्रयत्न केला, पण तांब्यातलं पाणी हसण्यानं सांडलं.

“मी सकाळीच भाच्याला फोन केला,” ती म्हणाली. “म्हणलं, पाडव्याला पेढे आन, पन मापं घेऊ नको.”

“सकाळीच? मी उघडायला निघालो होतो की!”

“शीळ घालत निघाला व्हता तुमी,” ती म्हणाली. “दुकान बंद करायला निघालेला मानूस शीळ घालतो व्हय?”